ट्रेलसाठी मागचा शॉक बदलायचा आहे: रिझर्व्हॉयरचा घ्यावा की साधा?

माळवी वाटसरू (इंदूर)

नमस्कार. माझ्याकडे २०२२ साली घेतलेली हीरो एक्सपल्स २०० ४व्ही ही मोटारसायकल आहे. आठवडाभर ती लोकमान्यनगर ते कार्यालय एवढीच धावते, परंतु रविवारी पहाटे आम्ही तिघे मित्र महूच्या पुढे निघतो. चोरल नदीच्या काठच्या वाटा, काजलीगढचा परिसर, जानापावच्या आसपासचे कच्चे रस्ते आणि वेळ असेल तर जामगेटवरून खाली मंडलेश्वरच्या दिशेने, असा आमचा साधारण फेरा असतो. शर्यतीचा विचारही नाही. ताशी २५-३० किलोमीटरच्या वेगाने, बहुतेक वेळ पावदानांवर उभे राहून चालवतो आणि दुपारच्या जेवणाला घरी परततो.

अडचण अशी आहे की नाल्यातील सुट्या दगडांवरून जाताना गाडीचा मागचा भाग उसळतो आणि अंगाखालून कोणी लाथ मारल्यासारखे वाटते. एखाद्या खोल खड्ड्यात मागचा शॉक (शॉक अब्सॉर्बर) पूर्ण दबून खाली आपटतो. पावसाळा संपल्यावर काळ्या मातीत पडलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून लोखंडासारख्या होतात, तेव्हा तर हे फारच जाणवते. कधीतरी पत्नीला मागे बसवून पाताळपाणीपर्यंत जातो, त्या दिवशी प्रत्येक गतिरोधकावर आपटल्याचा आवाज येतो. प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी, कडी मी मधल्या खाचेवर ठेवली आहे.

खर्चाची मर्यादा तीस हजार रुपये ठेवली आहे. एका विक्रेत्याने बाहेरच्या डबीचा, म्हणजे रिझर्व्हॉयरचा, शॉक सुचवला आहे. त्याने माझे वजन विचारले नाही, डबीचा रंग कोणता हवा हे मात्र दोनदा विचारले. डबीमुळे खरोखर फरक पडतो का? की आहे त्याच शॉकची लांबी थोडी वाढवून घेतली तर काम भागेल?

देवासकर

विक्रेत्याने जे विचारले नाही तेच पहिल्यांदा विचारतो. हेल्मेट, बूट, गुडघ्यांची कवचे आणि पाठीवरची पाण्याची पिशवी धरून आपले वजन किती भरते? मी देवासला शॉक बनवणाऱ्या एका कारखान्यात चाचणी विभागात काही वर्षे काम केले आहे. तेथून मनात पक्की बसलेली गोष्ट अशी की शॉकच्या खरेदीत पहिला निर्णय स्प्रिंगचा असतो, दुसरा डॅम्पिंगचा, म्हणजे स्प्रिंगची हालचाल तेलाने आवरण्याचा, आणि डबीचा विचार त्यानंतर येतो. बाजारात हा क्रम बरोबर उलटा चालतो, कारण डबी बाहेरून दिसते आणि स्प्रिंगचा कडकपणा डोळ्यांना दिसत नाही.

तो न दिसण्याचे कारणही सांगतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार केवळ ६ टक्के जाड केली, तरी स्प्रिंग सुमारे २६ टक्के कडक होते. दोन स्प्रिंगा शेजारी ठेवल्या तरी हा फरक नजरेला कळत नाही, मात्र बसल्यावर पाठीला नक्की कळतो. म्हणून चांगले उत्पादक स्प्रिंगवर आकडा छापतात. तो एक मिलिमीटर दाबायला किती न्यूटन बल लागते ते सांगतो, काही ठिकाणी न्यूटनऐवजी किलोग्रॅम असतात, आणि १ किलोग्रॅम म्हणजे जवळजवळ ९.८ न्यूटन.

काहीही विकत घेण्यापूर्वी सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते ते, मोजा. मदतीला दोन माणसे लागतील. मागच्या चाकाच्या आसाच्या मध्यापासून सरळ वर, शेपटाकडच्या प्लास्टिकवर चिकटपट्टीची खूण करा. चाक हवेत लटकत असताना हे अंतर मोजा, मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना मोजा, आणि शेवटी आपण पूर्ण पोशाखात पावदानांवर उभे असताना मोजा. बसून मोजू नका, कारण ट्रेलवर आपण उभेच असतो. प्रत्येक मोजणीपूर्वी गाडी एकदा दाबून हळूच सोडा, नंतर एकदा उचलून हळूच सोडा आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्या. दोन्हींत फार फरक आला, तर कुठेतरी बुश किंवा बेअरिंग जाम आहे आणि दोष शॉकचा नाही. हे सगळे आताच्या खाचेवर करा, नंतर प्रीलोड पूर्ण वाढवून पुन्हा करा.

माळवी वाटसरू

सविस्तर उत्तराबद्दल आभार. पोशाखासह माझे वजन ९३ किलो भरले. काल सायंकाळी शेजारच्या काकांना आणि माझ्या मुलाला मदतीला घेऊन मोजमाप केले. आकडे मिलिमीटरमध्ये आहेत.

चाक हवेत असताना ५७२. मधल्या खाचेवर गाडी स्वतःच्या वजनावर ५५२ आणि माझ्यासह ५०८. प्रीलोड पूर्ण वाढवल्यावर गाडी एकटी ५६४ आणि माझ्यासह ५२०.

या गाडीचा मागचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली हलू शकते ते एकूण अंतर, १७० मिलिमीटर आहे. पूर्ण प्रीलोडवर माझ्यासह सॅग ५२ येतो, म्हणजे सुमारे ३१ टक्के, आणि सगळीकडे ३० टक्क्यांच्या आसपास सॅग असावा असेच वाचले आहे. मग माझा प्रश्न फुकटात सुटला, असे समजू का? कारण आज सकाळी त्याच खाचेवर थोडे फिरून आलो, तर आपटणे कमी झाले आहे, पण उसळणे उलट वाढल्यासारखे वाटते.

देवासकर

आकडे नीट घेतले आहेत, आणि उसळण्याबद्दलचे आपले निरीक्षणही त्यांच्याशी जुळते. बहुतेक लोक आपण थांबलात तिथेच थांबतात. स्वारासह सॅग ३० टक्के आला की स्प्रिंग योग्य आहे असे ते मानतात. परंतु दुसरा आकडाही बघावा लागतो. गाडी एकटी उभी असताना तिने स्वतःच्या वजनाने ट्रॅव्हलच्या साधारण १० टक्के तरी खाली बसावे, म्हणजे आपल्या बाबतीत १६-१८ मिलिमीटर. पूर्ण प्रीलोडवर ती फक्त ८ मिलिमीटर बसते.

येथे अनेकांचा उलटा समज होतो. गाडी एकटी असताना जवळजवळ बसतच नाही, तेव्हा स्प्रिंग फार कडक आहे असे वाटते. प्रत्यक्षात स्प्रिंग मऊ असते, आणि आपले वजन पेलण्यासाठी तिला आधीच इतके दाबून ठेवावे लागते की गाडीच्या एकट्या वजनाला ती दाद देत नाही. स्वारासह सॅग योग्य ठेवून गाडीचा एकटीचा सॅग फार जास्त आला, तर मात्र स्प्रिंग कडक समजावी.

प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. खाट विटांवर चढवली म्हणून तिची नवार घट्ट होत नाही, फक्त खाट उंच होते. आपल्याच आकड्यांत हे दिसते. मधल्या खाचेवर आपल्या वजनाने गाडी २० वरून ६४ पर्यंत बसली, म्हणजे ४४ मिलिमीटर. पूर्ण प्रीलोडवर ८ वरून ५२ पर्यंत बसली, म्हणजे पुन्हा ४४ मिलिमीटरच. कडकपणा तसूभरही बदललेला नाही.

आपल्याला हवे आहे ते असे: गाडी एकटी १६, आपल्यासह ५१. म्हणजे आपल्या वजनाने ती ४४ ऐवजी ३५ मिलिमीटर बसायला हवी. ४४ भागिले ३५ म्हणजे जवळजवळ सव्वा. मूळ स्प्रिंगपेक्षा सव्वापट कडक स्प्रिंग घ्या. कोणत्याही कंपनीचा शॉक घ्या, हे सांगितल्याशिवाय पैसे देऊ नका.

उसळण्याचे कारणही यातच आहे. स्प्रिंग जितकी जास्त दाबून ठेवलेली, तितक्या जोराने ती शेवटच्या टप्प्यात उलगडते, आणि तिला सावकाश उलगडू देण्याचे काम रिबाउंड डॅम्पिंगचे असते. मूळ शॉकमध्ये रिबाउंड बदलण्याची सोय नाही. सव्वापट कडक स्प्रिंग त्याच शॉकवर चढवली, तर उसळणे आणखी वाढण्याचा संभव आहे. म्हणून नुसती स्प्रिंग बदलण्याचा स्वस्त मार्ग आपल्याला मी सुचवणार नाही, सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला कदाचित सुचवला असता. रिबाउंड कमी-जास्त करता येईल असा, उघडून दुरुस्त होणारा आणि योग्य स्प्रिंगचा साधा शॉक घ्या. डबी नसली तरी चालेल.

स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापून ती कडक करून देणारे कारागीर आपल्याकडे सापडतात. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते हे खरे आहे, परंतु ती आखूडही होते आणि कापलेले टोक बैठकीत सपाट बसत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

रामबागकर

देवासकरांचे गणित मान्य आहे, पण डबीला इतके सहज बाजूला सारणे मला पटत नाही.

शॉक धक्क्याची ऊर्जा गिळतो आणि तिची उष्णता करतो. ती उष्णता तेलात साठते. तेल तापले की पातळ होते, आणि शॉकमध्ये तेल व वायू एकत्र असतील तर घुसळून त्याचा फेस होतो. फेसातून पिस्टन सहज सरकतो आणि डॅम्पिंग नाहीसे होते. तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये तरंगता पिस्टन घालून दोघांना वेगळे ठेवायची कल्पना फ्रेंच अभियंते ख्रिश्चन बुर्सिए द कार्बों यांनी १९५० च्या दशकात प्रत्यक्षात आणली, आणि आजचे बहुतेक सर्व चांगले एकनळी शॉक त्याच तत्त्वावर चालतात. वायू नायट्रोजन असतो. बाहेरच्या डबीत हा तरंगता पिस्टन आणि नायट्रोजन हलवला, की मुख्य नळीत तेलाला जास्त जागा मिळते, एकूण तेल वाढते आणि ते तापायला वेळ लागतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. मागचा शॉक इंजिनाच्या मागे कोंडलेल्या जागेत असतो, जेथे वारा फारसा पोहोचत नाही. मी स्वतः जामगेटच्या उतारानंतर नदीपात्रातून सलग तासभर चालवल्यावर गाडी तराफ्यासारखी डुलताना अनुभवली आहे. तीच गाडी सावलीत अर्धा तास उभी राहिल्यावर पुन्हा शहाण्यासारखी चालली. डबीचा शॉक घातल्यापासून तसे झालेले नाही.

देवासकर

आपला अनुभव खरा आहे, पण त्यातील तो जुना शॉक तेल आणि वायू वेगळे ठेवणारा होता का, आणि त्याचे तेल शेवटचे कधी बदलले होते, या दोन प्रश्नांवर बरेच अवलंबून आहे. तरंगता पिस्टन असलेला, ताज्या तेलाचा, डबी नसलेला शॉक ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने आणि मध्ये चहाला थांबणाऱ्या स्वाराला पुरतो, असे माझे मत आहे. आपण सलग तासभर न थांबता चालवता, मूळ प्रश्नकर्ते तसे चालवत नाहीत. तीस हजारांत डबी आणि योग्य स्प्रिंग दोन्ही मिळत असतील, तर डबीला माझी हरकत नाही. डबीसाठी स्प्रिंगशी तडजोड करायला हरकत आहे.

महूकर

तुम्ही सगळे मागच्या शॉकमध्ये अडकून पडला आहात, म्हणून थोडे पुढच्या बाजूला नेतो. मी महूला चाळीस वर्षे गाड्या दुरुस्त करतो आहे, आणि मागे महागडा शॉक घालून आलेल्या निम्म्या गाड्यांची खरी तक्रार पुढच्या फोर्कची, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळांच्या शॉकची, निघते.

मागे कडक स्प्रिंग आली की गाडीचे शेपूट वर राहते आणि वजन पुढे सरकते. एक्सपल्सच्या फोर्कचे नळ ३७ मिलिमीटरचे आणि ट्रॅव्हल १९० मिलिमीटरचा. ९३ किलोच्या माणसाला त्याच्याही स्प्रिंगा मऊच पडणार. मग घाटात ब्रेक लावला की पुढचा भाग बुडी मारतो आणि दगडावर हँडल हातातून ओढले जाते. म्हणून तीस हजारांतले काही पैसे फोर्कच्या स्प्रिंगा आणि तेलासाठी बाजूला काढा. पुढचाही सॅग मोजा, तुमच्यासह साधारण ५० मिलिमीटर आला तर ठीक.

फोर्कच्या तेलाच्या डब्यावर १० डब्ल्यू किंवा १५ डब्ल्यू लिहिलेले असते, त्यावर फार विसंबू नका. दोन कंपन्यांचे १० डब्ल्यू एकमेकांपासून पुष्कळ वेगळे असू शकते. ४० अंश तापमानाचा सेंटिस्टोकचा, म्हणजे तेलाच्या दाटपणाचा, आकडा माहितीपत्रकात असतो, तो जुळवा. तेल किती मिलिलिटर ओतले यापेक्षा वरच्या कडेपासून तेलाची पातळी किती खाली आहे हे महत्त्वाचे, कारण वर उरलेली हवासुद्धा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगचे काम करते. दोन्ही नळांत ती पातळी सारखी पाहिजे.

आणि आपली काळी माती! ती नळावर वाळली की सिमेंटसारखी चिकटते आणि पुढच्या धक्क्याला सीलची कड फाडते. ट्रेलवरून आल्यावर माती ओली असतानाच साध्या पाण्याने धुवा. धुलाई केंद्रातील जोराची धार सीलवर कधीही मारू देऊ नका. सील गळायला लागले म्हणजे लगेच फाटले असे नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी सीलच्या कडेखाली सरकवून गोल फिरवली, तर अडकलेला कण बऱ्याचदा बाहेर येतो आणि गळती थांबते.

हवेचा दाब कोणी विचारलाच नाही. रस्त्याच्या दाबावर दगडांत जात असाल, तर अर्धे उसळणे टायरचेच असेल. मी २० ते २२ पीएसआय ठेवायला सांगतो. त्याखाली नको, ट्यूब आहे, दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली की तिला दोन भोके पडतात.

माळवी वाटसरू

मी मागे २९ पीएसआय ठेवूनच जात होतो, हे कबूल करायला संकोच वाटतो. लांबीचा प्रश्न मात्र राहिला. माझी उंची १६८ सेंटिमीटर आहे. माझा एक मित्र त्याच्या गाडीला २० मिलिमीटर लांब शॉक बसवून आला आहे आणि गाडी दगडांवर घासत नाही म्हणून फार खूश आहे.

रामबागकर

तुमच्या उंचीला लांबीच्या मोहात पडू नका. शॉक २० मिलिमीटर लांब केला की मागचा भाग फक्त २० मिलिमीटर उचलला जात नाही. शॉक स्विंगआर्मवर, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यावर, चाकापेक्षा पुष्कळ आत बसतो, त्यामुळे चाकाजवळचा फरक शॉकच्या फरकाहून मोठा असतो. पुढची उंची तीच राहिल्यामुळे फोर्क अधिक सरळ उभा होतो आणि हँडल वेगात चंचल होते. साखळीचा ताण बदलतो, आणि साइड स्टँड आखूड पडून गाडी जास्त कलते. आधी मित्राची गाडी नाल्यातील उतारावर उभी करून बघा.

अधिक ट्रॅव्हल खरोखर हवा असेल तर तो पुढे-मागे एकत्र वाढवावा लागतो. कंपनीने स्वतः प्रो आवृत्तीत तेच केले आहे, पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर, आणि दोन्हीकडे कमी-जास्त करण्याची पूर्ण सोय दिली आहे. पण त्या गाडीची बैठक ८९१ मिलिमीटर उंच आहे, तुमच्या गाडीची ८२५. दगडांत तोल गेल्यावर जमिनीला पाय टेकणे किती मोलाचे असते हे तुम्हाला ठाऊक आहेच. मूळ लांबीचाच शॉक घ्या.

देवासकर

याला माझी पूर्ण सहमती आहे. पत्नी मागे बसतील त्या दिवसासाठी प्रीलोडच्या चार-पाच खाचा मोजून ठेवा आणि आकडीचा पाना गाडीतच असू द्या. हायड्रॉलिक गुंडीने प्रीलोड बदलण्याची सोय मोहक असते, पण महिन्यातून एकदाच्या फेरीसाठी तिचे पैसे मोजण्याची गरज नाही.

नवा शॉक आल्यावर रिबाउंडचा स्क्रू पूर्ण बंद करून तेथून किती टकटक (फिरवताना लागणाऱ्या खाचा) उघडलेला होता ते वहीत लिहा. चोरलच्या वाटेवरचा तीन-चारशे मीटरचा एकच दगडी तुकडा निवडा आणि दर वेळी तेवढाच तुकडा त्याच वेगाने चालवा. एका वेळी दोन टकटकींपेक्षा जास्त बदलू नका. मागून लाथ बसते आहे, तर रिबाउंड सावकाश करा. सुरुवातीचे दोन-तीन दगड मऊ वाटून पुढचे एकेक कडक लागत गेले, तर रिबाउंड गरजेपेक्षा सावकाश झाला आहे आणि शॉक पुढच्या धक्क्यापूर्वी पुरता उलगडत नाही. हा दुसरा दोष लोक कडक स्प्रिंगचा समजतात आणि चुकीच्या दिशेने जातात. कम्प्रेशनच्या, म्हणजे शॉकचे दबणे आवरणाऱ्या, 'हाय स्पीड' आणि 'लो स्पीड' अशा दोन गुंड्या असल्या, तर तो वेग गाडीचा नसून शॉकच्या दांड्याच्या हालचालीचा आहे, एवढे लक्षात ठेवा. ताशी १५ किलोमीटरवर धारदार दगड लागला तरी दांडा अतिशय वेगाने हलतो.

माळवी वाटसरू

ठरले. पहिल्या विक्रेत्याला नम्रपणे नकार कळवला आहे. दुसऱ्याकडे मूळ लांबीचा, रिबाउंडची सोय असलेला, डबी नसलेला शॉक सांगितला आणि स्प्रिंगसाठी वजन व सॅगचे चारही आकडे लिहून पाठवले. त्याने उलट फोन करून मी पावदानांवर किती वेळ उभा असतो हे विचारले, तेव्हा जरा विश्वास वाटला. उरलेल्या पैशांत फोर्कच्या स्प्रिंगा आणि तेल होईल. त्यासाठी महूकरकाकांकडे येऊ का?

आणखी एक. काल २१ पीएसआयवर चोरलपर्यंत जाऊन आलो. प्रीलोड पुन्हा मधल्या खाचेवर आणला होता. उसळणे अर्धे झाले असे नाही म्हणणार, पण बरेच कमी झाले आहे.

महूकर

या. येताना गाडी धुऊन आणा, आणि नव्या स्प्रिंगा मिळाल्याशिवाय येऊ नका, नाहीतर दोनदा फोर्क उघडावा लागेल. मूळ शॉक विकू नका. नवा शॉक तेल बदलायला आणि नायट्रोजन भरायला बाहेरगावी गेला, की आठ-दहा दिवस गाडी उभी राहते. जुना कपड्यात गुंडाळून, उभा करून ठेवा.

फायरिंग रेंजच्या बाजूने येणारी वाट मात्र धरू नका. तुमच्यासारखे दोघे मागच्या महिन्यात तेथून येताना जवानांनी थांबवले होते, आणि गाडी सोडवायला मलाच जावे लागले.